उन्हाळा हा घरच्या पक्ष्यांचा

(मंडळाच्या जुलै महिन्याच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत.)



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे लोक बोलून गेले. मी एक साधा डिप्लोमा इंजिनियर. जळगाव जिल्ह्यातून नोकरीसाठी दिल्लीला आलो आणि इथलाच झालो. सेक्रेटरींनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "उन्हाळ्यातले पक्षी." ते हसले. म्हणाले, "अहो, मे महिन्यात दिल्लीच्या रस्त्यावर माणूस दिसत नाही, पक्षी कुठले दिसायला?" सेक्रेटरींचेच नव्हे, बहुतेकांचे मत असेच असते. म्हणूनच हा विषय घेतला आहे.

पक्षी बघायचे ते हिवाळ्यात, असे आपण धरून चालतो. त्याला कारणही आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर लागला की यमुनेवर ओखल्याला थापट्या, तलवार बदक अशी उत्तरेकडची बदके उतरतात. वर्तमानपत्रांत फोटो येतात, शाळांच्या सहली निघतात. मार्च-एप्रिलमध्ये हे पाहुणे परत जातात आणि त्यांच्याबरोबर बघणारेही घरी जातात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही मंडळी इथे थंडी काढायला आणि खायला येतात. त्यांचे लग्न, बारसे सगळे तिकडे हिमालयापलीकडे. इथल्या बाभळीवर, कडुलिंबावर, तळ्यातल्या पाणवनस्पतींवर संसार मांडतात ते उन्हाळ्यात इथे असणारे पक्षी. घरटे बांधणे, अंडी उबवणे, पिल्लांना चारा भरवणे हे सारे मार्च ते ऑगस्ट या काळात आपल्या खिडकीबाहेर चाललेले असते. पंचेचाळीस अंशांत इथे टिकून राहतो तो इथला. आपल्यासारख्या बाहेरून येऊन इथे घर केलेल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता माझ्या कामाचे सांगतो, कारण पक्ष्यांशी माझी ओळख कामामुळेच झाली. मी ट्रॅक्शन डिस्ट्रिब्यूशनमध्ये आहे. गाडीच्या डोक्यावरून जी तार जाते तिच्यात २५ हजार व्होल्ट असतात. मार्च-एप्रिलपासून आमच्या लाइनमनना एक जादा काम लागते. कावळ्यांची घरटी काढायची. शहरातला कावळा काटक्यांबरोबर लोखंडी तारेचे तुकडेही गोळा करतो आणि खांबाच्या ब्रॅकेटच्या बेचक्यात घरटे रचतो. त्यातली एखादी तार इन्सुलेटर ओलांडून लोंबली की संपले! सप्लाय ट्रिप होतो, गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात आणि कंट्रोलचा फोन खणखणू लागतो.

हे घरटे काढावेच लागते, त्यात दुमत नाही. प्रश्न असतो तो केव्हा काढायचे हा. पायी गस्त घालणाऱ्याला पहिल्या चार काड्या दिसल्या आणि त्याने लगेच कळवले, तर ब्लॉक मिळताच पाच मिनिटांत काम होते. कावळा थोडा आरडाओरडा करतो आणि दुसरी जागा शोधतो. तेच तीन आठवडे उशीर झाला तर घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतात, कावळे टॉवर वॅगनवरच्या माणसाच्या डोक्यावर झेप घेतात, कामालाही वेळ लागतो आणि पिल्लेही जातात. काम तेच, फक्त वेळ चुकली. ही वेळेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

घरटी काढता काढता मी वर बघायला लागलो. कावळ्याच्या घरट्याभोवती कोकीळ का घुटमळतो, हे आमच्या एका जुन्या लाइनमनने मला सांगितले. कोकीळ स्वतः घरटे बांधत नाही, मादी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि कावळे तिचे पोर वाढवतात. म्हणजे कावळ्याचा आणि कोकिळाचा हंगाम एकच. आणि हो, आपण 'कोकिळा गाते' म्हणतो, पण 'कुहू कुहू' करतो तो नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आणि तिचा आवाज म्हणजे नुसती 'किक् किक् किक्' अशी किंचाळी.

तशीच गोष्ट सुगरणीची. बहिणाबाईंमुळे सुगरण आम्हा खानदेशी लोकांच्या घरातलीच. पण तो लोंबता खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येते, तपासणी करते, पसंत पडला तर राहते, नाहीतर चालती होते. आमच्याकडे इन्स्पेक्शनला साहेब येतात तेव्हा मला नेहमी या नराची आठवण होते! पावसाच्या तोंडावर दिल्लीच्या कडेला, पाण्याजवळच्या बाभळी-खजुरींवर हे खोपे दिसू लागतात. सप्टेंबरपर्यंत त्यांत पिल्ले असू शकतात.

बघायला सुरुवात कुठून करावी? मी म्हणेन, आपल्या वसाहतीच्या बागेतून. जूनमध्ये दिल्लीत साडेपाचच्या आत सूर्य उगवतो. पाच वाजता बाहेर पडा, सातला घरी या. त्यानंतर ऊन तुम्हालाही नको आणि पक्ष्यांनाही नको. अंधार असतानाच दयाळ गायला लागतो. काळा-पांढरा, शेपटी वर करून बसणारा. हिवाळ्यात तो फारसा गात नाही, उन्हाळ्यात मात्र गच्चीच्या कठड्यावरून त्याची मैफल सुरू असते. मग तांबट. हातोडीने तांब्याच्या भांड्यावर ठोके द्यावेत तसा एकसारखा 'टुक टुक टुक' आवाज. पक्षी चिमणीएवढाच, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल डाग. तो वाळलेल्या फांदीत खालच्या बाजूने गोल भोक पाडून त्यात घरटे करतो. वाळलेल्या फांदीत, हे विसरू नका.

नंतर हळद्या. हा पिवळाधमक पक्षी आपल्या महाराष्ट्रात अनेकांनी हिवाळ्यात पाहिला असेल. दिल्लीत तो हिवाळ्यात सहसा नसतो, मार्च-एप्रिलमध्ये येतो, आंबा-शिरीषाच्या उंच फांदीच्या बेचक्यात पाळण्यासारखे घरटे बांधतो आणि थंडीपूर्वी दक्षिणेकडे जातो. म्हणजे शाळेला सुटी लागली की आपण सगळे गाडीने खाली नाशिक-पुण्याकडे जातो आणि हा त्याच सुमारास उलटा प्रवास करून वर येऊन बसलेला असतो. त्याला रिझर्व्हेशनही लागत नाही.

लोदी गार्डनमध्ये किंवा २०१८ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या सुंदर नर्सरीत जाणार असाल तर राखी धनेश जरूर शोधा. मोठी वाकडी चोच आणि तिच्यावर छोटे शिंग. उन्हाळ्यात याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. नर वड-पिंपळाची फळे आणून त्या फटीतून भरवतो. पिल्ले बरीच वाढेपर्यंत ती आतच असते. त्या काळात नराचे काही बरेवाईट झाले, तर आतल्यांचे काय होईल याचा विचार करा. हा पक्षी स्वतः ढोली कोरू शकत नाही. त्याला म्हातारे, पोकळ झाड लागते.

आता तळ्याकडे जाऊ. ओखला पक्षी अभयारण्य १९९० साली जाहीर झाले. आता मॅजेंटा लाइनवर त्याच नावाचे मेट्रो स्टेशन आहे, त्यामुळे नोएडात राहणाऱ्यांना सबब उरलेली नाही. यमुनेच्या पाण्याची अवस्था आपण सगळे जाणतो. तरीही जून-जुलैच्या सकाळी तिथे जाऊन बघा. कमळपक्षी हिवाळ्यात साधा तपकिरी दिसतो. उन्हाळ्यात त्याला लांब काळी कमानदार शेपटी येते आणि मानेमागे सोनेरी पट्टा. पाण्यावरच्या पानांवरून तो असा चालतो की जणू जमीनच आहे. यांच्यात अंडी नर उबवतो, पिल्लेही तोच सांभाळतो. जांभळ्या पाणकोंबड्या, टिबुकल्या, आणि एक बदक जे हिवाळ्यातल्या पाहुण्यांबरोबर जात नाही, ते म्हणजे हळदी-कुंकू बदक. चोचीच्या टोकाला पिवळे, मुळाशी लाल ठिपके. हे नाव ज्याने कोणी ठेवले त्या मराठी माणसाला माझा नमस्कार. परक्या गावात तळ्याकाठी 'हळदी-कुंकू' म्हणावे आणि समोर खरेच ते पोहत यावे, यासारखा आनंद नाही.

नावांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपली मुले इथे हिंदीत वाढतात. घरी आपण मराठी बोलतो, पण झाडे, पक्षी, भांडी यांची मराठी नावे हळूहळू गळून जातात. माझ्या मुलीला मी पावशा ऐकवला. महाराष्ट्रात तो 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणतो. इथे त्याला पपीहा म्हणतात आणि तो 'पी कहाँ, पी कहाँ' विचारतो. पक्षी एक, आवाज एक. शेतकऱ्याला त्यात पेरणीची सूचना ऐकू आली आणि इथल्या विरहिणीला प्रियकराची हाक. मुलीने दोन्ही ऐकून सांगितले, "बाबा, तो दोन्ही भाषा बोलतो, आपल्यासारखा." मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा पक्षीकोश मंडळाच्या वाचनालयात असावा, अशी माझी विनंती आहे. चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचे स्मरण करायचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.

जूनच्या शेवटी, पावसाच्या अलीकडे-पलीकडे, चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. उत्तर भारतात येणारे चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून मोसमी वाऱ्यांबरोबर येतात. तो फक्त पावसाचे थेंब पितो ही कविकल्पना. प्रत्यक्षात तो केसाळ सुरवंटांवर ताव मारतो आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. पण पावसाची वर्दी देतो हे मात्र बऱ्याच अंशी खरे.

आता रुळांवरचा पक्षी. टिटवी रात्री ओरडली की आपल्याकडे अपशकुन मानतात. खरे कारण असे की टिटवी जमिनीवरच अंडी घालते आणि कुत्रे, मांजर, मुंगूस, माणूस जवळ आले की ओरडते. यार्डातली खडी तिला फार आवडते. अंडी त्या खडीसारखीच दिसतात, बहुधा चार. एकदा यार्डात आम्ही फाउंडेशनची जागा आखत होतो. ट्रॅकमन पुढे होऊन म्हणाला, "साहब, इधर पैर मत रखना, टिटहरी बैठी है." त्याने भोवती चार मोठे दगड मांडून त्यांना चुना फासला होता. गँगमधले सगळे त्या जागेला वळसा घालून जात. भर दुपारी टिटवी नळाखालच्या डबक्यात पोट भिजवून येई आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसे, अंडी थंड ठेवायला. अंडी उबवण्यापेक्षा ती तापू न देणे हे दिल्लीत जास्त अवघड. आमचे खोदकाम आम्ही दुसऱ्या टोकाकडून सुरू केले. कामाला एका दिवसाचाही उशीर झाला नाही.

उन्हाचे विसरून चालणार नाही. २९ मे २०२४ ला सफदरजंगला ४६.८ अंश तापमान नोंदले गेले. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून, धापा टाकून ते अंगातली उष्णता बाहेर टाकतात आणि त्यात पाणी खर्च होते. म्हणून गच्चीत, गॅलरीत सावलीला पाण्याचे परळ ठेवा. खोल भांडे नको, दोन बोटे पाणी पुरे, मध्ये एक दगड ठेवा म्हणजे लहान पक्षी बुडत नाही. पाणी रोज बदला आणि परळ घासून घ्या, नाहीतर डासांची पैदास होते आणि डेंग्यूला आपणच आमंत्रण देतो. चिमणी २०१२ पासून दिल्लीचा राज्यपक्षी आहे. तिला एवढा पाहुणचार तर व्हावा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. दरवर्षी मे-जूनमध्ये शहरभर झाडांची छाटणी होते. पावसाळी वादळात फांदी तारेवर किंवा गाडीवर पडू नये, हा हेतू. तो रास्तच आहे, माझे पोटच तारांवर चालते. पण हा नेमका घरट्यांचा भरहंगाम. दोन वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीत मे महिन्यात ठेकेदाराची माणसे आली. शिरीषाची एक वाळकी फांदी खाली पडली. तिच्यात तांबटाचे भोक होते, भोकात दोन पिल्ले. पिसेही नीट फुटली नव्हती. मुलांनी ती खोक्यात ठेवली, आमच्या वहिनींनी ड्रॉपरने पाणी पाजून पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गेली. आईबाप संध्याकाळपर्यंत त्या तुटक्या जागेभोवती फिरत होते. त्यात फांदी तोडणाऱ्या मजुरांचा दोष नव्हता. त्यांना त्या तारखेला तेवढे काम दिले होते.

त्यानंतर आम्ही काही रहिवाशांनी मिळून एक साधा अर्ज केला. छाटणी बंद करा, असे त्यात लिहिले नाही. एवढेच लिहिले की हेच काम डिसेंबर-जानेवारीत करावे. त्या दिवसांत बरीच झाडे विरळ असतात, फांद्या नीट दिसतात, मजुरांनाही उन्हाचा त्रास नाही. मे महिन्यात फक्त खरोखर धोक्याची फांदी काढावी, आणि तीही आधी वर बघून. तारांपासून, रस्त्यापासून दूर असलेली वाळकी फांदी ठेवावी, कारण ती तांबटाचे घर आहे. जानेवारीतही एखाद्या झाडावर घारीचे घरटे असू शकते, तेवढे झाड मागाहून घ्यावे. अर्ज मान्य झाला. खर्च एक पैसाही वाढला नाही. यंदा मे महिन्यात त्याच रांगेत मी सात घरटी मोजली. त्यांत तांबटाचे एक आणि हळद्याचे एक.

आपण सगळे वेगवेगळ्या सोसायट्यांत, सरकारी वसाहतींत राहतो. बरेच जण कमिट्यांवर आहात. दिल्लीत झाड तोडायला १९९४ च्या कायद्याखाली परवानगी लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. छाटणीच्या तारखा मात्र बऱ्याचदा आपल्याच बैठकीत ठरतात. तिथे तुम्ही एक वाक्य बोललात तरी पुरे.

पक्षी बघायला फार काही लागत नाही. आठ बाय चाळीसची दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर डोळे आहेत. एक वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, काय पाहिले. २०२३ साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला त्यात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि तो सुमारे ३० हजार हौशी लोकांच्या नोंदींवर उभा आहे. शास्त्रज्ञांबरोबर आपल्यासारखे कारकून, शिक्षक, इंजिनियर यांच्या वह्याही उपयोगी पडतात. पथ्ये दोनच. घरट्याच्या फार जवळ जाऊ नका, फोटोसाठी पाने बाजूला करू नका. आणि जमिनीवर पिसे फुटलेले, उड्या मारणारे पिल्लू दिसले तर घरी आणू नका. बहुधा ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच असतात. मांजरापासून दूर, जवळच्या झुडपावर ठेवा आणि लांब व्हा.

शेवटी मंडळाला दोन विनंत्या. गणपतीच्या सजावटीसाठी आपण हिरव्या फांद्या आणतो. त्या आणताना एकदा वर बघावे, खोपा असेल ती फांदी राहू द्यावी. आणि उत्सवाच्या सुटीत मुलांना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात न्यावे. तिथल्या पिंजऱ्यांसाठी नव्हे, तळ्यांसाठी. १९६० पासून तिथे मोकळे, रानातले चित्रबलाक दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास येतात आणि बेटांवरच्या झाडांवर शेकडोंनी घरटी करतात. कोणी पकडून आणलेले नाहीत. जागा पसंत पडली, म्हणून राहिले. मंडळातर्फे भाद्रपदातल्या एका रविवारी सकाळी सहा वाजता जमून जायचे ठरवले, तर वाटेत चहाची व्यवस्था मी करतो आणि माझ्याकडच्या दोन दुर्बिणी मुलांच्या हातात देतो. नावे आजच सेक्रेटरींकडे द्यावीत.

 गणपती बाप्पा मोरया!